स्तनाच्या कर्करोगाची तपासणी : नियम आणि वहिवाट

श्रोतेहो, आज जो विषय आपल्यापुढे मांडायचा आहे तो चारचौघांत बोलण्याचा नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. घरात सासू सुनेशी त्याबद्दल बोलत नाही, बायको नवऱ्याशी बोलत नाही, आणि शाळेत तर त्याचे नावही निघत नाही. पण न बोलण्याने हा रोग जायचा असता तर तो केव्हाच गेला असता. तो गेला नाही, उलट वाढला. तेव्हा माजघरातली ही गोष्ट आज जरा ओसरीवर आणू या. विषय आहे स्तनाचा कर्करोग. त्यातलाही एकच मुद्दा घेऊ : हा रोग वेळेवर सापडावा म्हणून सरकारने काय नियम घालून दिला आहे, आणि प्रत्यक्षात काय वहिवाट चालू आहे.

आधी रोगाचा आवाका पाहू. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतातल्या स्त्रियांना जे कर्करोग होतात त्यांत आज पहिला क्रमांक याचाच लागतो. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. युरोप-अमेरिकेत दर लाख स्त्रियांमागे हा रोग आपल्यापेक्षा कितीतरी अधिक जणींना होतो. पण रोग झालेल्यांपैकी मरणाऱ्यांचे प्रमाण आपल्याकडेच जास्त आहे. आपल्या देशातल्या अकरा ठिकाणच्या कर्करोग नोंदण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रिया शंभरांत सुमारे ६६ निघाल्या. अमेरिकेत हाच आकडा नव्वदाच्या आसपास आहे.

हा फरक कशाने पडतो? औषधे तिकडची आणि इकडची फार वेगळी नाहीत. शस्त्रक्रिया करणारे हातही आपल्याकडे चांगले आहेत. फरक मुख्यतः वेळेचा आहे. गाठ स्तनातच असते तोवर रोग आटोक्यात येण्यासारखा असतो. तेथून तो काखेतल्या गाठींत उतरतो, आणि पुढे हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या ठिकाणी जातो. आपल्याकडच्याच नोंदी सांगतात की रोग स्तनापुरता असताना उपचार सुरू झालेल्या शंभरांतल्या सुमारे ऐंशी जणी पाच वर्षे पार करतात. दूरवर पसरल्यावर आलेल्या शंभरांतल्या वीससुद्धा करीत नाहीत. आणि आपल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया दवाखान्यात येतात तेव्हा रोग स्तनाबाहेर, निदान शेजारच्या गाठींपर्यंत तरी पोहोचलेला असतो.

उशीर का होतो, याचे पहिले उत्तर अगदी साधे आहे. ही गाठ बहुधा दुखत नाही. आपल्या शेतकरी घरांत दुखण्याचे माप एकच : दुखते म्हणजे आजार, दुखत नाही म्हणजे काही नाही. "दुखत नाही ना? मग कशाला दाखवायचं?" हे वाक्य बोरीबाभळीच्या काट्याला लागू असेल, या गाठीला लागू नाही.

म्हणून मग तपासणीची गरज. येथे 'तपासणी' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आजारी माणसाला तपासणे निराळे, आणि ज्यांना काहीही तक्रार नाही अशा सगळ्यांना ओळीने तपासणे निराळे. दुसऱ्या प्रकाराला चाळणी तपासणी म्हणतात, आणि ते नाव अगदी योग्य आहे. दळणाला घालण्यापूर्वी आपण गहू चाळतो. चाळणीवर जे राहते ते सगळेच खडे नसतात. त्यात मातीचे ढेकूळ असते, एखादा टपोरा दाणाही असतो. म्हणून चाळल्यानंतर ते ताटात घेऊन हाताने निवडावे लागते. कर्करोगाचेही तसेच आहे. चाळणीत अडकली म्हणजे त्या बाईला कर्करोग झाला असे मुळीच नाही. तिला पुढे निवडायचे आहे, म्हणजे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करायची आणि जरूर तर गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, एवढाच त्याचा अर्थ. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही येथेच सांगून ठेवलेले बरे.

आता नियम काय ते पाहू.

केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली याविषयी एक मार्गदर्शक आराखडा काढला. तोंडाचा, गर्भाशयाच्या मुखाचा आणि स्तनाचा असे तीन कर्करोग त्यात घेतले आहेत. स्तनाच्या कर्करोगासाठी नियम असा : ३० ते ६५ वर्षे वयाच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा प्रशिक्षित हाताने तपासणी व्हावी. ही तपासणी यंत्राने नव्हे, हाताने करायची. शिकलेली आरोग्यसेविका किंवा डॉक्टर स्त्रीचे दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा आधी डोळ्यांनी पाहतील, मग बोटांच्या पेरांनी चाचपतील, आणि काही संशयास्पद आढळले तर तिला वरच्या रुग्णालयात पाठवतील. बाईने आपल्या शरीराकडे स्वतः लक्ष कसे ठेवावे, हेही तिला याच वेळी समजावून द्यायचे आहे.

त्याआधीची पायरी आशाताईंची. त्यांनी घरोघर जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचा एक तक्ता भरायचा. त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर यांच्याबरोबर स्त्रियांसाठी प्रश्न आहेत : स्तनात गाठ आहे काय, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव येतो काय, स्तनाच्या आकारात बदल झाला आहे काय. तक्ता भरून झाला की बाईला उपकेंद्रावर तपासणीला आणायचे. ज्या उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले आहे तेथेच हे काम व्हायचे आहे.

नियम कागदावर फार मोठा दिसतो. पण एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. शिक्षक मंडळींनी तो वर्गातल्या फळ्यावर मांडायलाही हरकत नाही. सपाटीच्या मुलखात एका उपकेंद्राखाली साधारण पाच हजारांची वस्ती धरतात. त्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रिया सुमारे पाचांत एक, म्हणजे हजारभर. पाच वर्षांत हजार, तर वर्षाला दोनशे. वर्षाचे बावन्न आठवडे. म्हणजे आठवड्याला चार बायका! एका बाईला दहा-पंधरा मिनिटे धरली तरी सगळा मिळून एक तास. एवढेच काम नियमाने सांगितले आहे.

आता वहिवाट पाहा. २०१९ ते २०२१ या काळात देशात पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांना विचारले गेले, की स्तनाच्या कर्करोगासाठी तुमची कधी तरी तपासणी झाली आहे काय? पाच वर्षांत एकदा नव्हे, आयुष्यात एकदा तरी! 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या शंभरांत एकही नाही. बरोबर आकडा ०.९ टक्का. हजार बायकांत नऊ. गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीचा आकडा १.९ टक्का, म्हणजे हजारांत एकोणीस. आठवड्याला चार बायका असा नियम, आणि आयुष्यात हजारांत नऊ अशी वहिवाट. इतके अंतर या दोहोंत होते.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती पाहणी झाली त्या काळात मध्येच कोविडची साथ आली, आणि गावोगावच्या आरोग्य मंदिरांतले हे काम तेव्हा पुरते रुजलेलेही नव्हते. त्यानंतर सरकारी नोंदींत तपासण्यांचे आकडे कोटींच्या घरात गेले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण नोंदीतला आकडा वाचताना आपण एक प्रश्न मनात ठेवावा : ही तक्त्यातल्या प्रश्नांची उत्तरे आहेत, की हाताने केलेली तपासणी आहे?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते एका उदाहरणाने सांगतो असे समजा. तुमच्याच गावात एक काकू आहेत. वय पंचेचाळीस. अंगणात शेंगा फोडीत बसल्या आहेत. आशाताई तक्ता घेऊन येतात. ओट्यावर काकूंचे दीर बसलेले, शेजारचा मुलगा सायकलला तेल घालतो आहे. आशाताई हळूच विचारतात, "काकू, छातीत कुठं गाठबीठ लागते का हाताला?" काकू एकदा दिराकडे बघतात आणि म्हणतात, "नाही गं बाई, मला काय धाड भरलीय!" आशाताई 'नाही'पुढे खूण करतात. तक्ता पुरा होतो. आता सांगा, काकूंची तपासणी झाली का? कागदावर काही तरी झाले. काकूंच्या बाबतीत काहीच झाले नाही. यात आशाताईंचा दोष किती? त्यांच्याकडे गरोदर बायका आहेत, लसीकरण आहे, क्षयाच्या गोळ्या आहेत, आणि या सगळ्यांचे कागद आहेत. शिवाय हाताने तपासणे हे त्यांचे काम नव्हेच. ते उपकेंद्रातल्या नर्सबाईंचे काम.

मग उपकेंद्रावर काय अडते? पहिली अडचण आडोशाची. एकच खोली, दाराला धड कडी नाही, बाहेर बाळांना घेऊन बसलेल्या आया आणि त्यांच्याबरोबर आलेले बाप्ये. अशा ठिकाणी कोण बाई चोळी काढील? दुसरी अडचण शिकवणुकीची. स्तन चाचपणे हे कसब आहे. भाकरी थापण्यासारखेच ते सांगून येत नाही, करून येते. एकदा प्रशिक्षण घेतले आणि मग वर्षभर हात लावला नाही, तर बोटांची जाण जाते. तिसरी अडचण मनाची. आपण मघाशी हजार बायका धरल्या. त्यांच्यात वर्षाला एकसुद्धा कर्करोग निघेलच असे नाही. नर्सबाईंनी चार आठवडे, चार महिने तपासले आणि काहीच निघाले नाही, की त्यांना वाटू लागते, 'कशाला हा खटाटोप?' पण पिकात कीड दिसत नाही म्हणून शेतकरी शेतात फेरी मारायचे सोडतो काय? कीड नाही हे कळावे म्हणूनच फेरी मारायची असते.

चौथी अडचण बायकांची स्वतःची. सुगीचे दिवस आहेत, रोज बुडतो, तपासून काय मिळणार? आणि त्याच्याही मागे एक भीती असते. 'काही निघालं तर? नवरा टाकील, मुलीचं लग्न अडेल, घरदार विकावं लागेल.' या भीतीला हसू नये. तिला उत्तर द्यावे. हा रोग स्पर्शाने लागत नाही. एकाच ताटात जेवल्याने, एकाच अंथरुणावर निजल्याने, बाळाला पाजल्याने तो कोणाला होत नाही. गाठ लहान असताना आली तर पुष्कळदा सगळा स्तन काढावा लागत नाही, तेवढा भागच काढून भागते. आणि महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरच्या उपचारांचा समावेश आहे.

आता कोणी सुशिक्षित श्रोता विचारील : परदेशात तर यंत्राने तपासतात, मग आपल्याकडे हाताने का? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडात १९८८ साली मॅमोग्राफीची राष्ट्रीय योजना सुरू झाली. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्र. तिकडचा नियम असा, की ५० वर्षांपासून एकाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत प्रत्येक स्त्रीला दर तीन वर्षांनी पत्राने बोलावणे जाते. ती आपणहून येण्याची वाट पाहत नाहीत. आणि तरीही तेथे नियम व वहिवाट तंतोतंत जुळतात असे समजू नका. बोलावलेल्या शंभरांपैकी निदान सत्तर जणी याव्यात अशी तेथली अपेक्षा. कोविडच्या काळात त्या सत्तरांहूनही कमी आल्या.

अमेरिकेची कथा याच्या अगदी उलट. तेथल्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २००९ साली सांगितले, की सर्वसाधारण स्त्रीने पन्नाशीपासून चौऱ्याहत्तरपर्यंत दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी. चाळिशीत सरसकट करू नये, ज्या त्या बाईने डॉक्टरशी बोलून ठरवावे. त्यावर मोठा गदारोळ उठला. डॉक्टरांच्या संस्थांनी आपापले वेगळे नियम सांगितले, चाळिशीतल्या पुष्कळ स्त्रिया तपासण्या करीतच राहिल्या, आणि पंचाहत्तरी उलटलेल्याही करीत राहिल्या. शेवटी २०२४ साली त्याच मंडळाने आरंभाचे वय पुन्हा चाळीसवर आणले. तात्पर्य, नियम हे दगडावरचे लेख नव्हेत. पुरावा बदलतो, रोगाचे वय बदलते, तसे नियमही बदलतात. एकीकडे वहिवाट नियमाच्या पुढे धावते. आपल्याकडे ती नियमाच्या फार मागे रेंगाळते.

मग आपण मॅमोग्राफी सरसकट का स्वीकारली नाही? कारणे तीन. एक, आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी, पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीतच येतो. आणि तरुण वयात स्तनाची वीण दाट असल्याने क्ष-किरण चित्रात गाठ लपून राहते. दोन, यंत्रे, ती चालवणारी माणसे आणि चित्रे वाचणारे डॉक्टर तालुक्यातालुक्याला उभे करणे हे मोठ्या खर्चाचे काम आहे. तीन, आपल्याकडे लाखात रोगी कमी असल्याने एक रोगी शोधण्यासाठी कितीतरी निरोगी स्त्रियांची चित्रे काढावी लागतील.

तपासणीला तोटाही असतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ब्रिटनमधल्या एका स्वतंत्र समितीने २०१२ साली हिशेब मांडला. पन्नाशीच्या दहा हजार स्त्रियांना वीस वर्षे मॅमोग्राफीला बोलावले, तर ४३ जणींचा मृत्यू टळतो. पण १२९ जणींच्या ठिकाणी असा कर्करोग सापडतो, की जो जन्मभर त्यांना त्रास देणार नव्हता, आणि त्यांच्यावर उपचार मात्र होऊन जातात. चीनमध्ये शांघायच्या कापडगिरण्यांतल्या सुमारे अडीच लाखांहून अधिक स्त्री कामगारांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांना आपले स्तन आपणच ठरावीक पद्धतीने चाचपण्याचे कसून शिक्षण दिले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींची कापाकापी मात्र वाढली. म्हणून आपले आपण पाहणे हे शिकलेल्या हाताच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. स्वतःच्या शरीराची ओळख असावी, बदल झाला तर तो लगेच दाखवावा, इतपतच त्याचा उपयोग.

तर मग हाताची तपासणी खरोखर उपयोगाची आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून एक प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात घेतल्या. निम्म्या वस्त्यांतल्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी केली. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या; प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. उरलेल्या वस्त्यांत आरंभी एकदा माहिती दिली आणि पुढे फक्त लक्ष ठेवले. वीस वर्षे हा प्रयोग चालला आणि २०२१ साली निष्कर्ष जगापुढे आले.

काय दिसले? जेथे तपासणी झाली तेथे रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडलेल्या रोगिणी तेथे शंभरांत ३७, आणि जेथे तपासणी नव्हती तेथे ४७. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर घट पंधरा टक्क्यांची दिसली, पण ती निव्वळ योगायोगाची नव्हे असे खात्रीने म्हणण्याइतकी भक्कम नव्हती.

या प्रयोगाने आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या बाईच्या बोटांत जीव वाचवण्याची ताकद आहे. दुसरी गोष्ट नियम करणाऱ्यांनी विचारात घ्यावी अशी आहे. प्रयोगात तपासणी दर दोन वर्षांनी झाली; आपला नियम पाच वर्षांचा आहे. पाच वर्षांच्या अंतरात एखादी गाठ उगवून मोठी होण्यास पुष्कळ अवकाश मिळतो. मघाचाच हिशेब पुन्हा करा. हजार बायका दर दोन वर्षांनी तपासायच्या तर वर्षाला पाचशे, आठवड्याला दहा. हे काम अवघड आहे, अशक्य नाही. आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांपुरते जरी दोन वर्षांचे अंतर पाळले, तरी जेथे लाभ सिद्ध झाला आहे तेथे तो पदरात पडेल. पण पाच वर्षांचाच नियम जेथे पाळला जात नाही, तेथे दोन वर्षांची गोष्ट पुढची. आधी आहे तो नियम अमलात यावा.

शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत नाजूक भाग चाळणीनंतरचा. काकूंच्या बाबतीत आपण आता दुसरा प्रसंग कल्पू. नर्सबाई म्हणाल्या, "काकू, आत या, दार लावते. दहा मिनिटं लागतील, दुखणार नाही." तपासणी झाली. डाव्या बाजूला बोराएवढी गाठ लागली. नर्सबाईंनी चिठ्ठी दिली : जिल्हा रुग्णालयात दाखवा. आता जिल्ह्याचे गाव सत्तर किलोमीटर. काकूंनी एकटीने जायचे कसे? मालकांना सवड दिवाळीनंतर. गेल्या तर त्या दिवशी सोनोग्राफीचे डॉक्टर नाहीत. पुन्हा या. मग तुकडा काढला, त्याचा कागद यायला तीन आठवडे. कागद आला तो कोणी आणायचा? अशा दहा जागी वाट तुटते. वाट तुटली की चाळणी फुकट गेली, आणि पदरी फक्त काळजी पडली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली यासाठी तीन मापे घालून दिली आहेत. शंभरांतल्या निदान साठ रोगिणी पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतच सापडाव्यात. बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून साठ दिवसांच्या आत निदान पक्के व्हावे. आणि शंभरांतल्या ऐंशी जणींचे उपचार मध्येच न सुटता पुरे व्हावेत. यांतले मधले माप, साठ दिवसांचे, प्रत्येक घराने पाठ करून ठेवावे. चिठ्ठी मिळाली त्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करा. साठाव्या दिवसाच्या आत 'काय आहे' याचे लेखी उत्तर हातात आले पाहिजे.

तेव्हा श्रोतेहो, आपण काय करायचे, ते थोडक्यात सांगतो तसे ध्यानी ठेवा.

घरातल्या भगिनींनी एवढे करावे. वय तीस उलटले असेल, तर उपकेंद्रावर जाऊन विचारावे, "माझी स्तनांची तपासणी कधी करता?" हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. आणि पाच वर्षे थांबू नये अशी लक्षणे ही : न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, स्तनाग्र आत ओढले जाणे, रक्तासारखा स्राव, काखेतली गाठ, बरी न होणारी जखम. यांपैकी काहीही दिसले तर तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता सरळ डॉक्टरांकडे जावे. आई, बहीण किंवा मावशी यांना हा रोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

घरातल्या पुरुषांनी एवढे करावे. बायकोने किंवा आईने विषय काढला, तर "त्यात काय एवढं" म्हणून तो उडवून लावू नये. चिठ्ठी मिळाली तर सोबत जावे. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. घरच्या लक्ष्मीसाठी दिवाळीपर्यंत थांबतो, हे बरे नव्हे.

आणि गावातल्या शिक्षक-शिक्षिकांना एक खास विनंती. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत तीन साधे प्रश्न विचारा. आपल्या उपकेंद्रात तपासणीसाठी दार लावता येईल अशी खोली किंवा पडदा आहे काय? गेल्या वर्षी किती स्त्रियांचा तक्ता भरला आणि त्यांतल्या किती जणींची हाताने तपासणी झाली? वर पाठवलेल्यांपैकी किती जणींचे निदान पुरे झाले? हे प्रश्न कोणाला पकडण्यासाठी विचारायचे नाहीत. नर्सबाईंना पडद्यासाठी कापड हवे असेल तर ते गावाने द्यावे. बसभाडे नसेल तर वर्गणी काढावी. उरुसाला आणि जत्रेला आपण वर्गणी काढतोच की.

नियम दिल्लीत होतात. ते छापून जिल्ह्याला येतात, जिल्ह्यातून तालुक्याला येतात. पण शेवटचे पाऊल उपकेंद्राच्या त्या एका खोलीत पडायचे असते, जेथे एक बाई दुसऱ्या बाईला म्हणते, "या, बसा, घाबरू नका." आठवड्याला चार बायका, एक तास, एक पडदा. नियम आणि वहिवाट यांच्यामधले अंतर आपल्या गावापुरते तरी एवढ्यात भरून येण्यासारखे आहे.

येत्या बाजाराच्या दिवशी उपकेंद्रावरून जाल, तेव्हा आत डोकावून तपासणीचा वार कोणता, तेवढे विचारून या.